वैद्य मेट्रिकचा हिशोब : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२५

काम ठरलं. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिवसासाठी कॉलेजात गुजरातेतल्या गणितज्ञांवर छोटं प्रदर्शन आहे. त्यातलं प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचं पॅनेल माझ्याकडे आलंय, एक गुजरातीत आणि एक मराठीत. चरित्राचा भाग गणित विभागातल्या एक मॅडम लिहिताहेत. माझ्याकडे ‘संशोधनाचा प्रभाव’, म्हणजे किती लेख, कुठे छापले, कोणी वापरले, सायटेशन (इतर लेखांनी संदर्भ म्हणून केलेले उल्लेख) किती. नॅक (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) हिच्या फायलीसाठी स्कोपस या लेखांच्या डेटाबेसचे आकडे दरवेळी आमची लायब्ररीच काढून देते. त्यामुळे बटण दाबलं की आकडा बाहेर पडतो अशी सगळ्यांची समजूत झालीये.

एचओडी, म्हणजे विभागप्रमुख साहेबांची एकच सूचना : “बेन, एच-इंडेक्स मोटा अक्षरमां.” म्हणजे सायटेशनवरून काढलेला संशोधकाचा एक आकडा, मोठ्या अक्षरात. बघू.

पक्की माहिती आधी टिपून ठेवते. जन्म २३ मार्च १९१८, जुनागढ भागातलं शाहपूर. मृत्यू १२ मार्च २०१०, अहमदाबाद. १९७८ ते ८० गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या सूत्राला जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणतात (तळपणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाची भूमिती सांगणारं) ते १९४३चं, म्हणजे तेव्हा वय पंचवीस.

१७ सप्टेंबर

लेखांची यादी करायला घेतली. झेडबीमॅथ हा गणिती लेखांचा डेटाबेस २०२१पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे, त्यामुळे कोणाकडे पासवर्ड मागत बसावं लागलं नाही. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जुनी ‘प्रोसीडिंग्ज’ही त्यांच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेली आहेत.

यादी बघितल्यावर पहिला विचार आला तो हा, की आजच्या नियमांत हा माणूस बसवायचा कसा? सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष छापला गेला बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’मध्ये, ऐन महायुद्धात, जेमतेम पानभर टिपणाच्या रूपात. मग १९५१मध्ये तोच विषय सविस्तर ‘प्रोसीडिंग्ज’च्या ए३३ खंडात. त्याच वर्षी ‘फिजिकल रिव्ह्यू’त प्रारण (प्रकाशासारखी ऊर्जा) बाहेर टाकणाऱ्या द्रवगोलांवर एक लेख. १९५३मध्ये ‘नेचर’ला छोटं पत्र. पुढे १९६६ला ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’, १९७०मध्ये बॉनर यांच्याबरोबर सूत्राचं विद्युतभारित रूप, १९७३मध्ये एल. के. पटेल यांच्याबरोबर फिरत्या ताऱ्याचं रूप ‘फिजिकल रिव्ह्यू डी’त, १९७७मध्ये ‘प्रमाण’, १९८२मध्ये रमेश टिकेकर यांच्याबरोबर अतिघन ताऱ्याचं मॉडेल. भारतीय आणि परदेशी नियतकालिकं अशी सरमिसळ. इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखाला सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) बघून कुठे पाठवायचं ते ठरवणारा माणूस असा वागत नाही. अर्थात १९४३मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर जन्मालाच आला नव्हता. गारफील्ड यांचा सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडणारा लेख १९५५चा.

१९ सप्टेंबर

आज फक्त संदर्भसूच्या वाचल्या. डोळे दुखले.

अडचण अशी. एका सूत्राचे तीन पत्ते आहेत : करंट सायन्स १२, पान १८३; प्रोसीडिंग्ज ए३३, पान २६४; नेचर १७१, पान २६०. कोणी पहिला देतं, कोणी दुसरा, कोणी तिन्ही. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याला तीन गल्ल्यांत दारं आहेत आणि पोस्टमन मनाला येईल त्या दारात टपाल टाकून जातो, तसंच हे. घर एकच, पण एका दाराशी उभं राहून पत्रं मोजली तर हिशोब चुकणारच.

त्यात नियतकालिकाच्या नावाची लघुरूपं प्रत्येकाची वेगळी. डेटाबेस जुळवणी करतो ती नाव, खंड, पान आणि वर्ष यांवरून. पानाच्या आकड्यात दोन अंकांची अदलाबदल झाली की ते सायटेशन मूळ लेखाला लागत नाही, स्वतंत्र अनाथ नोंद होऊन पडून राहतं. पुढचा लेखक मूळ लेख न उघडता आधीच्याची टीप उतरवतो, मग चूकही वंशपरंपरेने चालते.

आणखी एक गंमत. ‘जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन’ या नियतकालिकाने गाजलेले जुने लेख ‘गोल्डन ओल्डीज’ म्हणून पुन्हा छापले, त्यात १९९९मध्ये वैद्यांचे १९४३ आणि १९५१चे लेख आले. पुनर्मुद्रणाला स्वतःचा डीओआय, म्हणजे लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक. म्हणजे एखाद्या डेटाबेसला वाटणार की एक्क्याऐंशीव्या वर्षी या गृहस्थांनी तारा प्रारण कसं टाकतो यावर नवा लेख लिहिला. एक्सेलमध्ये ‘मूळ वर्ष’ आणि ‘नोंदीचं वर्ष’ असे दोन वेगळे कॉलम केले.

२६ सप्टेंबर

नवरात्र. बडोद्यात या दिवसांत कोणाकडून काम होत नाही, माझ्याकडूनही नाही. नावांची साफसफाई तेवढी केली : पी. सी. वैद्य, वैद्य पी.सी., वैद्य पी. असे सगळे एकत्र. दुसऱ्या वैद्यांचे लेख वेगळे काढले. गणिताच्या डेटाबेसमध्ये माणसाला क्रमांक असतो म्हणून तिथे सोपं गेलं, गूगल स्कॉलरवर मात्र आयुर्वेदाचे लेखसुद्धा जाळ्यात येतात.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे बसले. काका गणिताचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना म्हटलं, सायटेशन मोजायच्या आधी मला हे सूत्र काय करतं ते कळायला हवं, नाहीतर कोणी ‘वापरलं’ आणि कोणी नुसतं नाव घेतलं हे ओळखणार कसं?

काकांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. श्वार्ट्सशिल्ड यांनी १९१६मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर काढलं : गोल तारा, बाहेर निर्वात पोकळी, ताऱ्याचं वस्तुमान कायम. पण खरा तारा तळपतो. प्रकाश ऊर्जा घेऊन जातो, ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, तेव्हा वस्तुमान घटत राहतं. शिवाय बाहेरची जागाही रिकामी नाही, ती बाहेर धावणाऱ्या प्रकाशाने भरलेली आहे. मग श्वार्ट्सशिल्डच्या सूत्रात जिथे वस्तुमानाचा स्थिरांक आहे तिथे काळाबरोबर बदलणारी राशी घातली की झालं?

“तिथेच मेख आहे,” काका म्हणाले. “तू लांब उभी आहेस. ताऱ्याचं वस्तुमान आत्ता घटलं. तुला ते आत्ता कसं कळेल? ती बातमी प्रकाशाबरोबरच येणार ना?”

म्हणून वस्तुमान साध्या घड्याळावर अवलंबून ठेवलं तर समीकरणं सुटत नाहीत. ते अवलंबून हवं त्या क्षणावर, ज्या क्षणी आपल्यापर्यंत पोचलेला किरण ताऱ्यापासून निघाला. वैद्यांनी १९४३ आणि १९५१मध्ये हे श्वार्ट्सशिल्डच्याच पद्धतीच्या निर्देशकांत (जागा आणि काळ मोजायच्या आकड्यांत) केलं, त्यामुळे सूत्र बोजड दिसतं. १९५३च्या ‘नेचर’मधल्या पत्रात त्यांनी तो ‘निघाल्याचा क्षण’ हाच काळाचा निर्देशक धरला आणि सगळं एका ओळीत आलं. किती अंतरावर किती ऊर्जा वाहतेय तेही लगेच वाचता येतं : वस्तुमान घटण्याचा दर भागिले चार पाय आर-वर्ग. दिव्यापासून लांब जाताना उजेड कमी होण्याचा नियमच तो.

आज कुठलाही लेख उघडा, त्यात लिहिलेलं असतं ते या १९५३च्या वळणाचं रूप, आणि खाली टीप मात्र कधी १९४३ची, कधी १९५१ची. १९ तारखेच्या गोंधळाचं कारण आज कळलं. ते निष्काळजीपणापेक्षा वेगळं आहे. शोध खरोखरच दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने झालेला आहे.

४ ऑक्टोबर

रात्री एक शंका आली. सूत्र इतकं स्वाभाविक, तर पहिली वीस वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं का नाही?

सूर्यावरून हिशोब मांडला. सूर्य प्रारणापायी दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान गमावतो. ऐकायला भयंकर. पण साडेचार अब्ज वर्षांत मिळून ते त्याच्या एकूण वस्तुमानाच्या सुमारे ०.०३ टक्के होतं. तेव्हा बुधाच्या कक्षेचा हिशोब करणाऱ्याला श्वार्ट्सशिल्ड पुरे, वैद्यांची गरजच नाही. तारा आपल्या वस्तुमानाचा मोठा हिस्सा थोड्या वेळात उधळतोय अशी वस्तू आकाशात दिसेपर्यंत हे सूत्र गणिताच्या कपाटातच राहणार होतं.

१९४३च्या बाजूला टीप केली : ‘दुर्लक्षित’ हा शब्द वापरायचा नाही. गरज नसलेल्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत, त्यात कोणाचा दोष नाही.

८ ऑक्टोबर

वस्तू दिसली १९६३मध्ये. ३सी २७३ या क्वेसारच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी वस्तूच्या) वर्णपटाचं कोडं मार्टेन श्मिट यांनी सोडवलं. एवढ्या लांबून एवढा प्रकाश? त्याच वर्षी डिसेंबरात डॅलसला सापेक्षतावाले आणि खगोलवाले पहिल्यांदा एका मांडवाखाली जमले. गुरुत्वीय अवपात (स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळणं) हा विषय एकदम ऐरणीवर आला आणि अवपात होताना प्रारणही बाहेर पडणार, म्हणजे वैद्यच.

१९६५च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ आणि मिसनर यांचा लेख आहे. त्याच्या शीर्षकातच वैद्यांचं नाव आहे, ‘वैद्यांचं प्रारणशील श्वार्ट्सशिल्ड मेट्रिक’ अशा अर्थाचं. माझ्या दृष्टीने पॅनेलवरचं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच. सायटेशन तळटीपेत असतं, हे नाव थेट मथळ्यावर आलं. संदर्भशास्त्रात उशिरा जागं होणाऱ्या लेखांना ‘झोपलेली राजकन्या’ म्हणतात (फान रान यांचा २००४चा लेख), आणि तिला उठवणाऱ्याला राजपुत्र. इथे राजपुत्र कोण? क्वेसारच म्हणायला हवा.

१० ऑक्टोबर

डेटाबेसची तुलना. एकाच लेखाचे चार ठिकाणी चार आकडे. आकडे इथे लिहीत नाही, वेगळ्या शीटमध्ये तारखेसकट आहेत. का वेगळे, ते महत्त्वाचं :

मॅथसायनेट ठरावीक नियतकालिकांच्याच संदर्भसूच्या मोजतं, तेही मुख्यतः २०००नंतरच्या. म्हणजे १९६५ची लाट तिथे जवळजवळ दिसतच नाही. नासाची एडीएस खगोलशास्त्राकडे झुकलेली, इन्स्पायर कणभौतिकीकडे. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (अजून न छापलेले लेख), सेमिनारची पीडीएफ सगळं धरतं. वैद्यांचा विषय बरोबर या सगळ्यांच्या शिवेवर पडतो. गणितवाल्यांनी मोजलं तर कमी, भौतिकीवाल्यांनी मोजलं तर जास्त.

१४ ऑक्टोबर

एच-इंडेक्स. साहेबांना समजेल अशा भाषेत टिपण केलं. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. ४०, २२, ९, ३, १ असे पाच लेख असले तर तीन लेखांना किमान तीन-तीन सायटेशन आहेत, चारांना चार नाहीत. म्हणून एच तीन. आता पहिल्या लेखाचे चाळीसाचे चार हजार करा. एच तीनच.

वैद्यांच्या बाबतीत अडचण नेमकी ही आहे. एका सूत्राचं वजन एच-इंडेक्सला कळतच नाही. तो मोजतो सातत्य : बऱ्यापैकी वापरले गेलेले बरेच लेख. हर्श यांनी २००५मध्ये तो सुचवला तेव्हा स्वतःच्या लेखात भौतिकीतल्यांची यादी दिली होती. वर विटन, एच ११०. हॉकिंग ६२. म्हणून काय विटन हॉकिंगच्या पावणेदोनपट? असं खुद्द विटनही म्हणणार नाहीत. आणि पेरेलमान यांनी पॉइंकारे अनुमान सोडवलं ते २००२–०३ला अर्काइव्ह या प्रीप्रिंटांच्या वेबसाइटवर टाकलेल्या तीन प्रीप्रिंटांत, कुठल्याच नियतकालिकात छापलं नाही. फक्त नियतकालिकं धरणाऱ्या डेटाबेसला त्यांचं ते काम दिसणारच नाही.

आंतरराष्ट्रीय गणित संघाने २००८मध्ये ‘सायटेशन स्टॅटिस्टिक्स’ नावाचा अहवाल काढलाय. त्यातली एक गोष्ट पॅनेलवर टाकण्यासारखी : इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांच्या खिडकीत मोजतात आणि गणितातली सुमारे ९० टक्के सायटेशन त्या खिडकीबाहेर पडतात. वैद्यांच्या लेखाला दोन वर्षांची खिडकी लावली असती, तर निकाल १९४५मध्येच लागला असता.

१६ ऑक्टोबर

काकूंची चकली आणि काकांचं वर्गसमीकरण, दोन्ही एकाच बैठकीत.

मी विचारलं होतं की १९८०नंतर वैद्यांचं नाव ‘नग्न सिंग्युलॅरिटी’च्या लेखांत इतकं का येतं. सिंग्युलॅरिटी म्हणजे कोसळण्याच्या शेवटी घनता अनंत होते ती जागा, नग्न म्हणजे बाहेरून दिसू शकणारी. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर दाखवलं. सूत्र उलटं वापरायचं : प्रकाश बाहेर जाण्याऐवजी आत येतोय आणि केंद्राशी वस्तुमान साठतंय. सोपी सूट घ्यायची, वस्तुमान काळाच्या समप्रमाणात वाढतंय, एम बरोबर लॅम्डा गुणिले व्ही (एम वस्तुमान, व्ही काळ, लॅम्डा वाढीचा दर). आता केंद्रातून बाहेर निघणारा किरण शोधायचा. व्ही भागिले आर (केंद्रापासूनचं अंतर) याला एक्स म्हणायचं. किरणाचं समीकरण मांडलं की उरतं

२ लॅम्डा एक्स-वर्ग − एक्स + २ = ०

“दहावीचं आहे,” काका म्हणाले, “विवेचक काढ.” १ उणे १६ लॅम्डा. तो ऋण नसला तर मुळं वास्तव, म्हणजे केंद्रातून किरण बाहेर पडू शकतो. लॅम्डा एक सोळांशापेक्षा मोठा असेल तर असा किरण नाही, सिंग्युलॅरिटी कृष्णविवराच्या क्षितिजाआड (जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही त्या सीमेआड) झाकलेली. एक सोळांश किंवा त्याहून कमी, म्हणजे वस्तुमान हळू ओतलं, तर ती उघडी पडते.

१९६९मध्ये पेनरोज यांनी निसर्ग सिंग्युलॅरिटी नेहमी झाकूनच ठेवतो असं अनुमान मांडलं. त्याच्या विरोधातली उदाहरणं शोधणाऱ्यांना हातात धरून तपासता येईल असं सूत्र हवं होतं, ते हे. आपल्याकडे पंकज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं. पाकीट मी मागून घेतलं. पॅनेलवर तेच स्कॅन करून लावणार, काकांची परवानगी आहे. आमंत्रणाचा पत्ता मात्र क्रॉप करायला हवा.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली. हंसा मेहता लायब्ररीत दिवसभर बसून ‘कशासाठी वापरलं’ हा कॉलम भरला. हा कॉलम मी स्वतःहून घातलाय आणि सगळ्या शीटमध्ये उपयोगाचा तोच.

हॉकिंग यांनी १९७४मध्ये कृष्णविवर प्रारण टाकतं असं दाखवलं. मग ते विरत जाताना त्याची भूमिती कशी? हिस्कॉक यांची १९८१ची मॉडेल वैद्य मेट्रिकचे तुकडे जोडून केलेली आहेत. ज्या माणसाने पंचविशीत ताऱ्याचा विचार केला, त्याचं सूत्र अडतीस वर्षांनी विरणाऱ्या कृष्णविवराला चपखल बसलं.

सांतोस, १९८५. कोसळणाऱ्या ताऱ्याच्या आतलं एक वेगळं उत्तर आणि बाहेर वैद्य, या दोघांना पृष्ठभागावर सांधायचं. निघालेली अट सुरेख आहे : पृष्ठभागावर दाब शून्य नसतो, तर बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या प्रवाहाइतका असतो. त्याआधी सवयीने दाब शून्य धरत. या एका अटीवर पुढे लेखांची रांग लागली, त्यातले कितीतरी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या गटाचे. वैद्य–टिकेकर मॉडेलवरही त्यांचं काम आहे.

पॉइसन आणि इस्रायल, १९९०. विद्युतभारित कृष्णविवराच्या आत, आतल्या क्षितिजापाशी, येणारा आणि जाणारा असे दोन प्रारणप्रवाह आमनेसामने आले की वस्तुमानाची राशी बेसुमार फुगते. त्याला ‘मास इन्फ्लेशन’ म्हणतात. तिथेही भूमिती वैद्य घराण्यातली. २०११च्या सुमारास तर लोक अँटी-डी सिटर नावाच्या खास वक्र अवकाशातलं वैद्य मेट्रिक घेऊन, गरम झालेली क्वांटम प्रणाली किती वेळात समतोलाला येते ते काढायला लागले. या शेवटच्या प्रकाराबद्दल काकांनीही हात वर केले, “हे आमच्या वेळी नव्हतं.”

३१ ऑक्टोबर

या प्रकल्पात मला जे म्हणायचंय ते आज हाताला लागलं.

मी दोन शोध वेगवेगळे लावले. एक : वैद्यांचा कुठलाही मूळ लेख संदर्भसूचीत आहे असे लेख. दोन : मथळ्यात किंवा सारांशात ‘वैद्य’ हे नाव मेट्रिक, अवकाशकाल किंवा उत्तर या अर्थाने आहे असे लेख. दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या. दुसऱ्या यादीत असे लेख आहेत ज्यांच्या संदर्भसूचीत वैद्य नाहीतच. कोणी स्टेफानी आणि मंडळींच्या अचूक उत्तरांच्या जाड ग्रंथाचा दाखला देतं, कोणी हुसेन यांच्या १९९६च्या किंवा वांग आणि वू यांच्या १९९९च्या ‘सामान्यीकृत वैद्य’ लेखाचा, कोणी कोणाचाच नाही.

यात कोणी चोरी करत नाही. श्वार्ट्सशिल्ड मेट्रिक लिहिताना १९१६च्या लेखाची टीप आता कोण देतं? पायथागोरसची तर सोडाच. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी या प्रकाराचं वर्णन करून ठेवलंय : शोध इतका अंगवळणी पडतो की शोधकाचा उल्लेख गळून जातो. वैद्यांच्या बाबतीत नाव शिल्लक राहिलं, तळटीप गळाली. म्हणजे सायटेशन मोजणाऱ्याच्या यंत्रातून नेमकं तेच निसटतं ज्याला आपण प्रभाव म्हणतो. कमी प्रसिद्ध माणसाची प्रत्येक टीप मोजली जाते, पाठ्यपुस्तकात शिरलेल्याची अर्धी मोजलीच जात नाही.

४ नोव्हेंबर

साहेबांबरोबर बैठक. मी सरळ सांगितलं की एच-इंडेक्स लावणार नाही.

“पण बेन, एनआयआरएफचं रँकिंग सायटेशन मोजतं, नॅक मोजतं, आणि आपणच नाही म्हणायचं?”

“संस्थेच्या फायलीत मोजा की साहेब. भिंतीवर कशाला? मुलं पॅनेलसमोर उभी राहणार, मोबाइल काढणार, आपल्याच एखाद्या प्राध्यापकाचा एच बघणार आणि म्हणणार, आमचे सर वैद्यांहून मोठे.”

ते हसले. मग म्हणाले, निदान एक आकडा तरी, लोकांना आकडा लागतो. बरोबर आहे, लागतो. तडजोड अशी झाली : पॅनेलच्या खाली लहान टायपात १९४३, १९५१ आणि १९५३च्या लेखांची मिळून सायटेशन, डेटाबेसचं नाव आणि ज्या दिवशी काढली ती तारीख यांसकट. वर मोठ्या अक्षरात १/१६. एच-इंडेक्सच्या जागी हाच आकडा ठेवा म्हटलं, आणि त्यांना तो आवडला. शेवटी ते गणिताचेच.

७ नोव्हेंबर

साहेबांसाठी एक पुरवणी ईमेल पाठवली, वाद वाढवायला नव्हे. २०२३मध्ये सायटेशन मोजणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने ‘सर्वाधिक उद्धृत संशोधक’ यादीतून गणित हा विषयच वगळला. कारण त्यांनी उघड सांगितलं : गणितात लेख कमी, सायटेशन कमी, त्यामुळे थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना उद्धृत केलं तरी यादीचा चेहरा बदलतो. मोजणारी कंपनीच जिथे हात आखडता घेते, तिथे आपण भिंतीवर काय छापणार?

उत्तर आलं, अंगठ्याचं चित्र.

१२ नोव्हेंबर

मराठी पॅनेलसाठी वेगळा मजकूर हवा, नुसतं गुजरातीचं रूपांतर नको. त्यात धागा आहे तो विष्णु वासुदेव नारळीकरांचा. जन्म कोल्हापूर, १९०८. केंब्रिजहून परतल्यावर १९३२पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख. वैद्य १९४२मध्ये त्यांच्याकडे बनारसला गेले आणि प्रारणशील ताऱ्याचा प्रश्न तिथेच हाती आला. १९४७मध्ये ‘नेचर’मध्ये दोघांचं एकत्र टिपणही आहे. जयंतराव नारळीकर सगळ्यांना ठाऊक, त्यांच्या वडिलांचं नाव घेतल्यावर आमच्या वाचक मंडळातले निम्मे लोक ‘हो का?’ म्हणतात. जयंतराव गेल्या मे महिन्यात गेले, तेव्हा लेख पुष्कळ आले, बनारसचा उल्लेख थोड्यांनीच केला.

दुसरं नाव टिकेकर. वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल विद्यापीठात होते. बडोद्याहून तासाभराचं अंतर.

आणि जे कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही तेही टाकतेय : गुजरात गणित मंडळ आणि ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक. शाळामास्तरांसाठी आणि मुलांसाठी वैद्यांनी जे काम केलं त्याचं सायटेशन शून्य. मॅडमच्या चरित्र-पॅनेलमध्ये हे येणार होतं, मी मागून घेतलं. ‘प्रभाव’ या मथळ्याखाली ते नसेल तर मथळा खोटा.

१३ नोव्हेंबर

कोलकात्याच्या रायचौधुरींचा चौकट-मजकूर काढून टाकला. १९५५चं त्यांचं समीकरण पेनरोज–हॉकिंग प्रमेयांच्या पायात आहे, तुलना मोहात पाडणारी होती. पण पॅनेल वैद्यांचं, जागा तीन फूट बाय चार फूट.

१९ नोव्हेंबर

रावपुऱ्यातल्या प्रेसमधून पहिलं प्रूफ आलं. मांडणी : डावीकडून उजवीकडे १९४३ ते २०२५ अशी एक रेघ. रेघेच्या वर ‘नाव’, खाली ‘टीप’. १९६५पर्यंत दोन्ही बाजू जवळजवळ रिकाम्या. मग वर लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ, मिसनर. उजवीकडे जाताना वरची बाजू भरत जाते, खालची त्या प्रमाणात भरत नाही. याखाली काही समजावून लिहायचं नाही असं ठरवलंय, दोन रंग पुरेसे आहेत.

दुरुस्त्या : ‘श्वार्ट्सशिल्ड’मधली जोडाक्षरं फॉन्टने फोडलीत, युनिकोड फॉन्ट लावायला सांगितला. १/१६ मधली रेघ आडवी हवी, तिरकी नको, काकांचा आग्रह. पाकिटाच्या स्कॅनवर तेलाचा डाग आलाय, चकलीचाच असणार. प्रेसवाला म्हणाला फोटोशॉपमध्ये काढतो, नको म्हटलं. सायटेशनचा आकडा छपाईच्या आदल्या दिवशी पुन्हा काढून त्याच दिवसाची तारीख टाकायची, ती चौकट तूर्त कोरी ठेवलीये.

मराठी पॅनेलचा मजकूर उद्या सकाळी पाठवते.